गुलाबी तळवे

१

अंगठी सापडली, पण ती सोन्याची राहिली नव्हती.

तीन दिवस सगळं घर तिच्यामागे लागलं होतं. माईंची बोटं वाळून काड्या झाली होती, त्यांतून ती कधी गळून पडली ते कुणालाच कळलं नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी सुनेने माईंचा पलंग सरकवला. लाकडी जमिनीच्या दोन फळ्यांमधल्या फटीत तिला काहीतरी चमकताना दिसलं. केसांतल्या आकड्याने तिने ते उकरून वर काढलं. अंगठीच होती, पण पांढरीफटक. पिवळेपणाचा मागमूस नव्हता.

"सोनं गेलं आणि कथील आलं," दारात उभी असलेली नणंद म्हणाली. "वहिनी, बदलायचीच होती तर निदान पिवळी तरी आणायचीत."

सून अंगठीकडे बघत राहिली. पलंगावरच्या माईंनी पांघरूण तोंडावर ओढून घेतलं आणि आतून बारीक आवाजात लेकीला म्हणाल्या, "तिला इथून जायला सांग."

माई दोन महिन्यांपासून झिजत होत्या. हात थरथरत होते, झोप उडाली होती, हिरड्यांतून रक्त येत होतं. सून औषधांच्या दुकानात कामाला होती, आणि औषधांच्या दुकानात विष मिळतं हे शेंबडं पोरही सांगेल. संशयाला तेवढं पुरेसं होतं. आता त्यात चोरीची भर पडली.

"दादा, उद्या सकाळी दहाला मी पोलिस चौकीत जाणार," नणंदेने भावाला बजावलं. "त्याआधी तुझी बायको स्वतःहून घराबाहेर पडली तर बरं. नाहीतर बेड्या घालून नेताना गल्ली बघेल."

पन्नाशीचा तो माणूस बायको आणि बहीण यांच्यामध्ये मान खाली घालून उभा होता. बायकोची बाजू घ्यायची त्याच्यात धमक नव्हती आणि बहिणीची घ्यायला मन धजत नव्हतं. अशा वेळी माणूस तिसऱ्याला बोलावतो. त्याने शब्दबाईंना बोलावणं धाडलं.

२

शब्दबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. गावातल्या मोठ्या दवाखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं पहिल्या वर्षाच्या नर्सांना रोगांची भाषा शिकवली होती, आणि पहिल्या वर्षाच्या मुली नावं ठेवण्यात पटाईत असतात. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी रस्त्यात एखादी पोक्त नर्स त्यांना पाहून अजून पदर सावरायची.

त्यांचा पहिला धडा ठरलेला असे. लक्षण म्हणजे रोगी सांगतो ते. चिन्ह म्हणजे आपल्याला दिसतं ते. लक्षणं आणि चिन्हं नेहमी एका टोळीने यायला लागली, की तो लक्षणसमूह. आणि कारण ही चौथीच गोष्ट. ती बहुतेक वेळा तिथे नसते जिथे दुखतं. हे चार शब्द एकमेकांत मिसळणारीला त्या वर्गाबाहेर उभं करायच्या.

माईंशी त्यांची ओळख एकेचाळीस वर्षांची. ती कशी झाली हे दोघीही कधी बोलत नसत.

घर बेकरीच्या वर होतं. जिना चढताना पावाचा वास सोबत येई. माईंची खोली बरोबर भट्टीच्या माथ्यावर होती, त्यामुळे थंडीत सगळ्या घरात तीच एक उबदार. बाहेर बोचरा वारा होता आणि आत पायाखालच्या फळ्या कोमट लागत होत्या. खिडक्या घट्ट बंद. पडदे ओढलेले. भर दुपारी त्या खोलीत संध्याकाळ झाली होती.

"माई, मी आलेय."

पांघरुणातून एक डोळा बाहेर आला आणि पुन्हा आत गेला. शब्दबाईंना आश्चर्य वाटलं. ही बाई एके काळी बेकरीवाल्याला वरच्या मजल्यावरून झापायची, आणि तो खाली पीठ मळताना सरळ उभा राहायचा. तीच आता ओळखीच्या माणसालाही तोंड दाखवायला लाजत होती.

"हात दाखवा बघू."

हात बाहेर आला. स्वस्थ ठेवला असतानाही थरथरत होता, उचलला की जास्तच. पापण्या फडफडत होत्या. हिरड्या सुजून जांभळ्या झाल्या होत्या, तोंडात लाळ भरलेली.

"तोंडाला चव कशी येते?"

"नाणं चघळल्यासारखी," माई कुजबुजल्या. "हळू बोल. ती दचकते."

"कोण?"

"छोटी." माईंनी पलंगाच्या पायथ्याकडे बोट केलं. बोट थरथरत असल्यामुळे तिथे नक्की कुठे, ते कळत नव्हतं. "दुपारी येऊन बसते. काही मागत नाही, काही बोलत नाही. नुसती बघते. तू ओळखशील तिला. शेवटी तुझ्याच मांडीवर होती ना?"

शब्दबाई पायथ्याकडे वळून बघणार नव्हत्या. इतक्या वर्षांत त्यांनी भ्रम झालेले शेकडो रोगी पाहिले होते. तरी त्या वळल्या, आणि तिथे काही नाही हे पाहूनही त्यांच्या अंगावरचा काटा बसेना.

३

बाहेरच्या खोलीत त्यांनी एकेकाला समोर बसवलं.

पहिली नणंद. अडतिशीची, फटकळ, सरळ. आईवर जीव, आणि तो जीव तिच्या जिभेवर आलेला.

"तीन आठवडे झाले, मी नवऱ्याचं घर सोडून आईच्या खोलीत, तिच्या शेजारी झोपते. राखण करते म्हणा. आईचं सगळं मी स्वतः रांधते. वहिनीचा हात लागू देत नाही."

"आणि माईंना बरं वाटलं?"

"जास्तच बिघडलं. मिठात घालत असेल. पाण्यात घालत असेल. तिला काय, शंभर वाटा."

"तेच मीठ आणि तेच पाणी तुझा भाऊही घेतो ना? आणि ती स्वतः?"

"घेतात."

"त्यांना काही होतं?"

"नाही. पण मला होतं, बाई. म्हणून तर म्हणते." तिने पाण्याचा पेला उचलला. पेल्यातलं पाणी काठावर हिंदकळलं. "झोप येत नाही. कुणी काही बोललं की रडू येतं. सकाळी दात घासले की बेसिनमध्ये रक्त. मलाही घालतेय ती."

शब्दबाईंनी नुसतं पेल्याकडे पाहिलं. दुसरा रोगी सापडला की शिकलेल्या माणसाने आनंद दाखवू नये, एवढं भान त्यांना होतं.

मग सून आली. रडून डोळे सुजले होते, पण आवाज कोरडा होता.

"माई मधे दहा दिवस दवाखान्यात होत्या," शब्दबाई म्हणाल्या. "तिथे त्यांना कोण काय देत होतं?"

"दवाखान्याचं जेवण त्यांना जात नव्हतं. दोन्ही वेळचा डबा मीच न्यायची. दहा दिवस."

"आणि?"

"सुधारल्या. हात थांबत आला होता. डॉक्टर म्हणाले, वयाचा कंप आहे, कारण अज्ञात, घरी न्या. घरी आणलं आणि आठवड्यात पुन्हा जसंच्या तसं. ताई म्हणतात, तिथे सगळ्यांसमोर विष घालायची माझी छाती झाली नाही. बाई, मला एकच सांगा. मी गेले तर त्या बऱ्या होतील? होणार असतील तर मी दहा वाजायची वाट बघत नाही, आत्ता जाते."

खोट्या माणसाला आपल्या सुटकेची घाई असते. ही जायची तयारी करून बसली होती.

"खोली माईंना कधी दिली?"

"थंडीच्या तोंडावर. त्यांना थंडी सोसेना. ती खोली सासरे गेल्यापासून अडगळीची होती. मीच रिकामी केली, घासूनपुसून काढली. जमिनीवर मेणकापडासारखं जुनं लिनोलियम होतं, फाटून उलटं झालेलं. माई अडखळल्या असत्या, म्हणून उचकटून फेकून दिलं. खाली लाकूड छान निघालं."

"तेव्हापासून खिडक्या बंदच?"

"ऊब जाते ना."

शेवटी मुलगा. तो बायकोच्या चपलांकडे बघत बोलत होता.

"तुझे वडील त्या खोलीत काय करायचे?"

"थर्मामीटरवर रेघा कोरायचे. अंशांच्या. कारखान्यातून काचेच्या नळ्या भरून यायच्या, ते घरी रेघा मारायचे. शेवटची पाच वर्षं रेघा वाकड्या यायला लागल्या, हात कापायचा. मग कारखान्याने काम बंद केलं."

"पारा घरी यायचा नाही?"

"नळ्यांत सीलबंद." उत्तर जरा लवकर आलं.

"आणि लिनोलियम कुणी घातलं होतं?"

"आईनेच हट्ट धरला होता. छोटी गेली त्याच महिन्यात. बाबांना ते बूट चिकटणारं काही आवडत नव्हतं, पण आई अडून बसली." तो एकदम उठला. "बाई, अंगठीचं काय ते बघा. बाकी जुनं काय उकरायचं?"

अंगठीचं बोलला म्हणून शब्दबाईंनी ती भिंग लावून आतून पाहिली. आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या सात बारीक रेघा होत्या, अगदी समान अंतरावर, चौथी जराशी लांब. थर्मामीटरवर असतात तशा. असली रेघ मारणारा हात वीस वर्षांपूर्वी राख झाला होता.

म्हणजे अंगठी बदललीच नव्हती. तीच होती, आणि तीच पांढरी झाली होती.

४

"कोण आजारी, कुठे आणि कधीपासून." दवाखान्याचा रस्ता चालताना शब्दबाई स्वतःशीच पुटपुटत होत्या. रोगाचं कारण शोधायला वर्गात त्या हेच तीन प्रश्न फळ्यावर लिहायच्या.

कोण? माई आणि लेक. एकीने सुनेचं खाल्लं, दुसरीने स्वतःच्या हातचं. कुठे? दोघी त्याच खोलीत. दवाखान्यात सुनेचाच डबा खाऊन माई सुधारल्या, घरी लेकीचं खाऊन बिघडल्या. रोग हातावर नव्हताच, जागेवर होता. कधीपासून? लिनोलियम निघालं तेव्हापासून. एवढं सरळ असताना सगळे सुनेच्या डब्यात बघत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

पण त्या दवाखान्यात यासाठी आल्या नव्हत्या. त्यांना एक जुनं पान बघायचं होतं, आणि ते बघायचं नसावं असंही वाटत होतं.

जुन्या नोंदींच्या खोलीतला कारकून त्यांचा जावई शोभेल इतका आज्ञाधारक होता. त्याने फडताळाच्या वरच्या खणातून एकेचाळीस वर्षांपूर्वीची मृत्यूंची वही काढून, धूळ फुंकून, टेबलावर ठेवली.

शब्दबाईंना माईंच्या छोटीचं रडणं आठवत होतं. बाकी फारसं नाही. तेव्हा त्या स्वतः बावीस वर्षांच्या नर्स होत्या, पहिल्याच वर्षाची नोकरी. मूल वर्षभराचं, रांगतं. डॉक्टर सांगत होते आणि त्या लिहीत होत्या. पानावर त्यांचंच कोवळं, वळणदार अक्षर होतं.

"सतत किरकिर. झोप नाही. उजेड सोसत नाही, तोंड उशीत खुपसते. घाम. हातापायांचे तळवे गुलाबी, सुजलेले, साल निघते. मृत्यूचे कारण अज्ञात."

तळवे. त्या साफ विसरल्या होत्या. आता वाचताच दिसले, डाळिंबाच्या दाण्यासारखे, एवढेसे.

टेबलाची कड धरून त्या खाली बसल्या. गुलाबी रोग. पुस्तकात तो सगळ्यात मागच्या पानावर होता, दोन ओळींत, आता क्वचितच दिसतो म्हणून. पस्तीस वर्षं त्या दोन ओळी त्यांनी शिकवल्या होत्या. लहान मुलांना पारा लागला, की तळवे असे होतात. मोठ्या माणसांना कंप होतो, हिरड्या सुजतात, आणि धीट माणूस लाजराबुजरा होतो. एकच कारण, वयापरत्वे दोन रूपं. आणि पारा सोन्याला लागला, की सोनं पांढरं पडतं.

पस्तीस वर्षं शिकवलं, आणि आपल्या मांडीवर गेलेल्या मुलीशी त्या ओळी एकदाही जोडल्या नाहीत. 'अज्ञात' या शब्दाचा अर्थ, अजून कळलेलं नाही, एवढाच. पण एकदा लिहिला की वही मिटते आणि माणसाला वाटतं, प्रश्न सुटला. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि कारकुनासमोर डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही.

पण सीलबंद नळ्यांतून इतका पारा फळ्यांत गेला कसा? एखादी नळी फुटली असती तर चार थेंब. चार थेंबांनी घर बाधत नाही.

कुणीतरी खोटं बोललं होतं, आणि ते कोण, हेही त्यांना कळलं होतं.

५

सूर्य कलला तेव्हा त्यांनी माईंना शेजारच्या थंड खोलीत हलवलं. मग तिघांना उबदार खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

"पडदे आहेत तसेच राहू द्या. कुणी हलू नका."

त्या गुडघ्यांवर बसल्या, कुरकुरत, आणि टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरला. उजेड फळ्यांवरून सपाट सरकत गेला. प्रत्येक फटीत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, बारीक बारीक ठिणग्या उठल्या. पलंग होता तिथे तर फट भरून वाहत होती. खालून भट्टीची ऊब येत होती आणि ते ठिपके एवढेसे हलत होते, जणू कुणी श्वास घेत आहे.

नणंदेने तोंडावर हात ठेवला.

"पारा," शब्दबाई म्हणाल्या. "गरम झाला की त्याची वाफ होते. तिला वास नाही, रंग नाही. लिनोलियमखाली दडपून होता तोवर बरं होतं. ते निघालं, खिडक्या बंद झाल्या, खाली भट्टी पेटली. माई दोन महिने तो श्वासातून ओढताहेत. तू राखण करायला आलीस, तूही ओढलास. ही दोघं पलीकडे झोपतात, म्हणून धडधाकट आहेत. अंगठी फटीत तीन दिवस पाऱ्यात पडून होती. तिच्या आत तुमच्या वडिलांच्या हातच्या रेघा आहेत, बघून घे. चोरी नाही आणि विषप्रयोगही नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाली होतीस."

नणंद वहिनीकडे बघू शकली नाही.

"आता राहिला एक प्रश्न. एवढा पारा आला कुठून?"

मुलगा भिंतीला टेकला होता. त्याच्या कपाळावर घाम होता.

"बाटली होती," शेवटी तो म्हणाला. "दौतीएवढी. दुरुस्तीसाठी बाबांनी कारखान्यातून आणलेली. मी नऊ वर्षांचा होतो. एवढीशी बाटली आणि विटेएवढी जड, मला त्याची फार गंमत वाटायची. बाबा तळहातावर पारा घेऊन खेळवायचे. म्हणायचे, गिळला तरी तसाच बाहेर पडतो, घाबरायचं काय? त्या दिवशी ती माझ्या हातून फुटली. मी जिन्याखाली जाऊन लपलो. तासाभराने वर आलो तर जमीन लख्ख होती. मला वाटलं, पाण्यासारखा उडून गेला. बाबांना वाटलं, बाटली कारखान्यातच विसरली. मी कुणाला सांगितलं नाही."

"गिळला तर बाहेर पडतो हे खरं," शब्दबाई म्हणाल्या. "श्वासाचं त्या धंद्यातल्या कुणी मनातच आणलं नाही."

"बाई, हे कधीचं? छोटी..." त्याने बोटं मोजायला सुरुवात केली आणि तो मधेच थांबला. "ती इथेच रांगायची. जमीन उबदार म्हणून आई तिला इथेच सोडायची."

शब्दबाईंनी त्याच्यापासून ते लपवलं नाही. वहीतल्या ओळी त्यांना पाठ झाल्या होत्या. त्या त्यांनी हळू आवाजात म्हणून दाखवल्या, तळव्यांपर्यंत. तो खाली बसला. सून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, पण हात लावायला धजेना.

"चला, सगळे बाहेर," शब्दबाई म्हणाल्या. "खिडक्या उघडा आणि दार लावून घ्या. दवाखान्याची माणसं येऊन उचलतील. आणि काही झालं तरी केरसुणी लावायची नाही. झाडला की एका थेंबाचे हजार होतात, आणि हजार थेंबांची वाफ दहापट होते."

६

दवाखान्यात तपासलं, तर माईंच्या आणि लेकीच्या दोघींच्याही शरीरात पारा निघाला. तो बाहेर काढणारं औषध सुरू झालं. तिसऱ्या आठवड्यात माईंनी बशी न सांडता चहा प्यायला आणि चहा पांचट आहे म्हणून नर्सला झापलं. नणंदेने वहिनीची माफी मागितली, म्हणजे तिच्या पद्धतीने, "माझंही थोडं चुकलं असेल" असं म्हणून. सुनेने ती घेतली. पदरात पडलं ते पवित्र.

फक्त मुलगा वॉर्डच्या दारापर्यंत येऊन परत जायचा. आईला सगळं सांगायचं, हे त्याने ठरवलं होतं, आणि ते रोज दुसऱ्या दिवसावर जात होतं. शेवटी शब्दबाईंनीच त्याला दंडाला धरून आत आणलं. सून गोळ्या आणि पाणी घेऊन मागून आली.

"हे औषध बंद करा," त्याने तोंड उघडण्याआधीच माई म्हणाल्या.

"का? बरं वाटतंय ना?" शब्दबाईंनी विचारलं.

"बरं वाटतंय. पण छोटी येत नाही." त्या खिडकीकडे बघत होत्या. आवाज आता कुजबुजता नव्हता, जुना खणखणीत होता, आणि म्हणूनच ऐकवत नव्हता. "आधी रोज यायची, तेव्हा तिला सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. आता आहे, तर ती येत नाही."

मुलगा पुढे झाला. "आई, ऐक. ती बाटली माझ्या हातून..."

"ठाऊक आहे मला. फोडून जिन्याखाली जाऊन बसलास. नाक ओढत होतास, वरपर्यंत ऐकू येत होतं." माईंनी त्याच्याकडे पाहिलं. "तुझ्या बापाची घरी यायची वेळ झालेली. पट्टा काढायचा तो. मी काचा गोळा केल्या, केरसुणी घेतली आणि सगळा पारा झाडून झाडून फटींत लोटला. छोटी मागे मागे रांगत होती. ते गोळे पळताना बघून खिदळत होती. पुढे फटीत चमकायचं, तुझ्या बापाला दिसेल म्हणून मी वर लिनोलियम घालून घेतलं. तुम्ही म्हणता, पारा त्या खोलीत होता. मी म्हातारी झाले, खुळी नाही झाले. मला जे झालं ते तिला झालं नसेल?"

एकेचाळीस वर्षं दोघं एकाच घरात राहिले होते, एकमेकांना वाचवत, आणि दोघांनाही वाटत होतं, हे आपल्या एकट्यालाच माहीत आहे. मुलगा पलंगाच्या कडेवर बसला. शब्दबाईंकडे रोगाच्या प्रत्येक गोष्टीसाठी शब्द होता. याला नव्हता.

माई सुनेकडे वळल्या.

"तुला सगळे म्हणाले, विष घालतेस. घातलेलं होतं मी."

"तुम्हाला माहीत नव्हतं, माई."

"माहीत नव्हतं म्हणून ती परत येते का?"

"नाही येत," सून म्हणाली. "लिनोलियम मी काढलं. मलाही माहीत नव्हतं."

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी स्टूल ओढत नेलं.

"हे घेतलं तर ती कधीच यायची नाही," माई म्हणाल्या.

सुनेने खोटं सांगायचं मनात आणलं असतं तर सांगता आलं असतं. तिने गोळी तळहातावर काढली.

"नाही यायची," ती म्हणाली. "तरी घ्या."

माईंनी डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने तोंड उघडलं.